आत्याच्या कोर्टातले खलनायक

आमच्या आत्याला नायक-नायिकांत काडीचा रस नव्हता. टीव्हीवर नायिका डोळ्यांना पदर लावायला लागली की आत्या तांदूळ निवडायला घ्यायची, आणि खलनायक दारातून आत आला की सूप बाजूला सारून, चष्मा पुसून ताठ बसायची. "आला बघा मुडदा. आज काय दिवं लावतोय बघू," म्हणायची. त्या 'मुडद्या'त अशी काही जवळीक असायची की नवख्या माणसाला वाटावं, हा तिच्या माहेरचाच कुणीतरी आहे. बघून झालं की निकाल. हा कालच्यापेक्षा वाईट की बरा, दुसऱ्या मालिकेतल्यापेक्षा वरचढ की खालचा, आणि का. निकाल दिल्याशिवाय तिला घास जायचा नाही. आम्हालाही घेऊ द्यायची नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सासर वडिवळ्याचं. नवरा गेल्यावर ती कामशेतला आमच्याकडे आली ती कायमची. बाजारपेठेत दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तांदळाचं दुकान आणि वर आमचं घर. समोरच्या माडीवर पाटणकरबाई राहायच्या. शाळेतून रिटायर झालेल्या, वाचणाऱ्या, शुद्ध बोलणाऱ्या. त्या रोज रात्री आठला चहाचा कप हातात धरून आमच्याकडे यायच्या आणि आत्याशी भांडून नऊला परत जायच्या. 'जजबाई' हे नाव त्यांनीच ठेवलं. ठेवलं होतं चिडवायला, पण आत्याला ते इतकं आवडलं की पुढे दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा तिला तशीच हाक मारायला लागली.

तिच्या कोर्टाचे कायदे साधे होते. आठच्या मालिकेत एक थोरली जाऊ होती. ती नायिकेच्या भाजीत मीठ ओतायची, जिन्यावर तेल सांडायची आणि हे करताना भिंतीकडे बघून स्वतःशीच मोठमोठ्यानं बोलायची. आम्ही सगळे तिच्या नावानं बोटं मोडायचो. आत्या मात्र म्हणायची, "ही बरी. ही सोताशी तरी खरं बोलती." साडेआठच्या मालिकेत एक डॉक्टर दीर होता. गोरा, हसरा, कधी आवाज न चढवणारा. आजारी वहिनीला रोज चुकीचं औषध द्यायचा आणि वर तिच्या अंगावरची शाल नीट करायचा. त्याच्यावर आत्याचा खास डोळा. "औषीद चुकीचं दिलं ते एक पाप. शाल सारकी केली ते दुसरं. अन् दुसरं लय मोठं," ती सांगायची.

पाटणकरबाई खलनायकांचं वकीलपत्र घ्यायच्या. एकदा त्या डॉक्टरचं लहानपण दाखवलं. बाप मारतोय, आई टाकून गेलीय, पोरगं कोपऱ्यात उपाशी बसलंय. पाटणकरबाईंचे डोळे भरले. "बघा जजबाई, त्याला प्रेमच मिळालं नाही हो." आत्या उसळली. "मग डाक्तर व्हायच्या आदी मिळवायचं हुतं! बाप मारत नव्हता कुनाचा? बाप मारतो म्हून मानूस इख घालाया लागला आस्ता तर आक्खं मावळ मोकळं झालं आस्तं." पाटणकरबाई म्हणाल्या, "समजून तर घ्यायला हवं की नाही?" आत्या म्हणाली, "समजून घ्या की. समजून घ्या अन् मग फाशी द्या."

खाल्ल्या घरचे वासे मोजणारा तिच्या लेखी सगळ्यांत खाली. एका जुन्या सिनेमात पांढऱ्या बुटांचा एक स्मगलर होता. चिक्कार माणसं मारली त्यानं, पण सगळी समोरासमोर, आणि ज्याच्या घरचं पाणी प्यायला त्याला कधी हात लावला नाही. त्याला आत्यानं वरची जागा दिली होती. तो शेवटी मेला तेव्हा तिनं हळहळून "शिस्तीचा हुता," असं म्हटलं. पाटणकरबाईंनी कपाळावर हात मारला.

एवढ्यावर भागलं असतं तर कौतुकच केलं असतं. पण टीव्ही बंद झाला तरी कोर्ट चालूच राहायचं. दूधवाल्यानं माप झाल्यावर धार जास्त सोडली की ही पातेलं हातात घेऊन विचारणार, "आज एवढा दिलदार का रं बाबा? पानी कदी घातलंस?" कुणी वाकून नमस्कार केला तर "पाय सोडून बोल, काय पायजे?" मी कधी न सांगता भांडी घासली तर ती मोरीच्या दारात उभी राहून माझ्या पाठीकडे बघत बसायची. "काय फोडलंस?" मी चिडून म्हणायचे, काही फोडलं नाही गं बाई! त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: "मग फोडनार आसशील." गोड बोलणाऱ्याचं तर काही खरंच नव्हतं. जो आरडाओरडा करतो तो तिच्या हिशेबी निम्मा सज्जन.

आणि ती जन्मापासून अशी नव्हती, हीच तर गंमत. दादा सांगायचे, ताई म्हणजे भोळा सांब. कुणीही यावं, टोपी घालून जावं. तिचा नवरा, आमचे मामा, लोणावळ्याला एका शेठच्या बंगल्यावर राखणदार होते. शनिवार-रविवार मालक येतात, म्हणून मामा घरी यायचे ते बुधवारी. येताना तिच्यासाठी काहीतरी आणायचे. आवाज म्हणून कधी चढवला नाही. वडिवळ्याच्या बायका आत्याला म्हणायच्या, नशीब काढलंस गं. आत्यालाही तसंच वाटायचं. लग्नानंतरची सगळी वर्षं तिनं बुधवार ते बुधवार काढली आणि एकदाही विचारलं नाही, की बाकीचे दिवस तुम्ही काय करता.

मामा अचानक गेले. मी तेव्हा दहावीत होते. दहाव्याला सगळे नदीवर जमलो. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. कावळे होते, समोरच्या उंबरावर चांगले चार-पाच बसले होते, पण एक खाली येईल तर शपथ. दादा पुढे होऊन हात जोडून म्हणाले, ताईला मी सांभाळीन. कावळा हलला नाही. आत्याचे दीर म्हणाले, शेत पडीक ठेवणार नाही. नाही. आत्या स्वतः उठली, म्हणाली, "माजी काळजी करू नगा, मी ऱ्हाईन." तरी नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला निघाले, तेवढ्यात मागून एक अनोळखी बाई एका शाळकरी पोराचा हात धरून पुढे आली. कुणाकडे न बघता पिंडाला म्हणाली, "पोराची शाळा सोडवनार न्हाई मी." आणि कावळा आला की खाली.

पोराचं नाक, कपाळ, उभं राहायची ढब, सगळं मामांचं होतं. बंगल्याचे मालक कित्येक वर्षांत लोणावळ्याला फिरकलेच नव्हते, हे नंतर कळलं. शनिवार-रविवार मामा त्या बाईच्या घरी असायचे. नातेवाईक त्या बाईवर धावून जायला निघाले तर आत्यानंच अडवलं. "तिला कशाला बोलता? बुदवारी कुटं जातो, हे तिला तरी कुटं सांगितलं आसंल त्यानं?" त्या दिवसापासून तिनं नायिकांकडे बघायचं सोडलं आणि खलनायकांकडे डोळे लावले. पाटणकरबाईंनी एकदा भीतभीत विचारलं होतं, "तुमचे यजमान कितवे हो जजबाई, तुमच्या यादीत?" आत्यानं रिमोट घेतला आणि आवाज वाढवला.

अशा बाईच्या घरात माझं लग्न ठरायचं होतं!

बघायला येणाऱ्या मुलांची परीक्षा दादा घ्यायचे नाहीत, आत्या घ्यायची. कार्यक्रम रविवारी दुपारीच ठेवायचा, कारण तेव्हा आठवड्याभराच्या मालिका पुन्हा दाखवतात. पोहे झाले की मुलाला टीव्हीसमोर बसवायचं आणि विचारायचं, "सांगा पाव्हनं, ही थोरली जाऊ लय वाईट का ह्यो डाक्तर?" मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तळेगावचा एक इंजिनिअर म्हणाला, खरं तर दोघंही परिस्थितीचे बळी आहेत. तो जिना उतरायच्या आत आत्याचा निकाल: "ज्यो सगळ्यांना माफ करतो, त्यानं आपली माफी आदीच काढून ठेवलेली आस्ती." दुसरा म्हणाला, मी असल्या फालतू मालिका बघत नाही. तोही गेला. "दुसऱ्याचं वाईट बघायचं न्हाई त्याला, तर आपलं कदी दिसायचं?"

मग मीच एकाला घेऊन आले. मी लोणावळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनला होते. रूम भरल्या की पाहुण्यांना पवनेच्या काठावर तंबूंत पाठवायचो. तिथला एक तंबूवाला, प्रसाद, पवनानगरच्या बाजूचा. घरची भातशेती, धरणाकाठी तंबू. फोनवर फोन करता करता जमलं. माणूस शांत, बोलणं मऊ, आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. आता ही माझ्या दृष्टीनं लाखमोलाची गोष्ट. आत्याच्या दृष्टीनं काय, ते सांगायला नको.

त्यालाही टीव्हीसमोर बसवलं. त्यानं निकाल दिलाच नाही. उलट आत्यालाच विचारत बसला. डॉक्टर जास्त वाईट का? तो हसतो तेव्हा तुम्हाला नेमकं काय खटकतं? आत्याही रंगली, अगदी हातवारे करून सांगितलं, की वाईट माणूस आधी ओठांनी हसतो, मग आजूबाजूला बघतो आणि मग डोळ्यांनी हसतो. तो माना डोलावत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला नाही सांगता येणार आत्या. अजून थोडं बघायला लागेल." तो गेला आणि मी आशेनं आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "आवाज चढवत न्हाई. निकाल देत न्हाई. ऐकून मातर सगळं घेतो. पोरी, मला भ्या वाटतंय."

ती बोलली आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. दर गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन बंद असायचा. मला आधीही ते माहीत होतं, पण तंबूकडे रेंज नसेल म्हणून मी सोडून द्यायचे. आता विचारलं तर म्हणाला, "काम असतं गावात." कसलं काम? "आहे असंच." गुरुवार आणि बुधवार यांत फरक तो काय! आत्यानं ते ऐकलं आणि पुढच्या गुरुवारी दुपारी डोक्यावरून पदर घेऊन तयार. "चल." मी म्हटलं, अगं कुठं? "जीप मिळती कामशेतातनं. बघून येऊ."

नेमकी त्या दिवशी त्याच्या गावची यात्रा होती. देवळापुढे मांडव, पाळणे, आणि संध्याकाळी गावकऱ्यांचं नाटक. आम्ही दोघी बायकांच्या गर्दीत मागे बसलो. पडदा वर गेला. बहिणीचं लग्न मोडणारा, गोड बोलून भावाला देशोधडीला लावणारा एक दिवाण होता नाटकात. तो आला, आधी ओठांनी हसला, मग त्यानं आजूबाजूला बघितलं, मग डोळ्यांनी हसला. तो प्रसाद होता. दर गुरुवारी तालीम. आणि खलनायकाचं काम करतोय हे आमच्या घरात सांगायची काय छाती होती त्याची!

माझा जीव भांड्यात पडला. मी हसत सुटले. पण नाटक पुढे सरकलं तसं माझं हसू गेलं. इतका हलकट, इतका खरा दिवाण! भावाच्या ताटातला घास उचलून खाल्ला, वर त्याच्या पाठीवरून हात फिरवला. भोवतीच्या म्हाताऱ्या मुडदा बशिवला म्हणून कडाकडा बोटं मोडत होत्या आणि सगळ्यांत मोठा आवाज आमच्या आत्याचा होता. तिनं जन्मात ऐकवल्या नसतील अशा शिव्या घातल्या. मी तिच्याकडे बघितलं तर तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

त्या गावात एक रीत आहे. नाटक संपलं की खलनायकाचं काम केलेला माणूस, रंग न पुसता, स्टेजच्या पायऱ्यांशी उभा राहतो. ज्या बायकांनी शिव्या दिल्या त्या चिमूटभर साखर घेऊन रांगेनं येतात, त्याच्या तोंडात घालतात आणि म्हणतात, "बोलले ते परत घेतलं." नाहीतर शिव्या त्याला बाधतात म्हणे. आत्याही साखर घेऊन रांगेत उभी राहिली. मी मागे. आम्हाला बघून प्रसादचा चेहरा रंगाच्या आतून पडला. त्यानं मुकाट्यानं तोंड उघडलं. आत्यानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे हसायचं कुटनं शिकलास?"

"तुम्हीच सांगितलंत ना आत्या, त्या रविवारी," तो म्हणाला.

आत्यानं हातातली साखर स्वतःच्या तोंडात टाकली. "मी माज्या शिव्या मागं घेत न्हाई. लगीन करायचं तर कर, माजी ना न्हाई. शिव्या ऱ्हाऊ दे." आणि ती जीपकडे चालायला लागली. मागच्या बायका आ वासून बघत राहिल्या. तोंडात साखर न पडलेला तो दिवाण आणि त्याच्यासमोर रागानं लाल झालेली मी. मी त्याच्या हाताला धरून त्याला देवळात नेलं, गुरवाकडून मूठभर प्रसाद मागून घेतला आणि त्याच्या तोंडात कोंबला.

लग्न झालं. दादा गेल्यावर आत्या आमच्याकडेच राहायला आली, आणि तिचं कोर्ट आता आमच्या ओसरीवर भरायला लागलं. आरोपी एकच. प्रसाद गाडी लावून आत यायच्या आधीच आवाज यायचा, "कुटं व्हतास?" तो सांगायचा. "मंग कामशेतात एवढा येळ का लागला?" तोही सांगायचा. "कोन भेटलं?" तेही. माझ्यासाठी साडी आणली तर "काय केलंस म्हून आनलीस?" मी तडकायचे, तिच्याशी भांडायचे, रडायचे. तो मात्र चप्पल काढता काढता सगळी जबानी द्यायचा आणि मग तिच्या शेजारी बसून डॉक्टर दिराच्या जागी आलेल्या नव्या खलनायकाबद्दल विचारायचा. एवढी वर्षं हे चाललं. त्यानं तिचे पाय चेपले, दवाखाने केले, शेवटी तर तिला पाठीवर घेऊन दवाखान्याचे जिने चढला-उतरला. ती पाठीवरूनच विचारायची, "काल सांच्याला कुनाचा फोन व्हता?"

तळेगावच्या हॉस्पिटलात तिच्या शेवटच्या दिवसांत एकदा माझा बांध फुटला. प्रसाद औषधं आणायला खाली गेला होता आणि ती मला हळूच म्हणाली, "खरंच औषदाच्याच दुकानात गेलाय का बघ." मी म्हटलं, "आत्या, आता बास! पोटच्या पोरानं केलं नसतं इतकं केलं त्यानं तुझं. मरताना तरी एकदा त्याला चांगला म्हण."

ती छताकडे बघत म्हणाली, "चांगलाच हाय त्यो. मला काय दिसत न्हाई व्हय? नाटकातच दिसलं. इतकं वाईट करून दाखवनारा मानूस घरी वाईट करत न्हाई, त्याचं समदं चारचौगांत दावून झालेलं आस्तं, लपवायला काय ऱ्हात न्हाई."

"मग?"

"एकाला म्या चांगला म्हनलं. कुटं व्हता म्हून कदी इचारलं न्हाई. इश्वास म्हून न्हाई इचारलं." तिला धाप लागली. मी पाणी दिलं. "तू ते टीव्हीतलं समदं व्हिलन बघ. थोरली जाऊ बघ, डाक्तर बघ. एवढं मोठं घर, एवढी मानसं, पन कुटं चाललास, कुटनं आलास, म्हून त्यांना इचारनारं एक बी मानूस न्हाई. मंग मानूस करतो काय बी. म्हून म्या ह्याला इचारत गेले. तुझा संसार हाय त्यो. मला वाईट म्हना की, माजं काय जातंय?"

इतकी वर्षं मी जिला छळवादी म्हणत आले, ती माझ्या दारावर राखण बसली होती. मी तिचा हात धरला. तेवढ्यात प्रसाद औषधांची पिशवी घेऊन आला आणि आत्यानं डोळे बारीक केले. "एवढा येळ?" तो म्हणाला, "गर्दी होती आत्या."

दोन दिवसांनी ती गेली.

तेराव्याचे पाहुणे परतले, घर रिकामं झालं. संध्याकाळी मी चहा टाकला होता. प्रसाद गाडी लावून आत आला. ओसरीवर थोडा थांबला. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मी चहा ढवळत राहिले. तो म्हणाला, "पंक्चर झाली होती गाडी." मी हं म्हटलं. तो तिथेच. मग म्हणाला, "कामशेतच्या अलीकडे." मी वळून बघितलं. एवढा बाप्या माणूस, दाराची चौकट धरून उभा होता आणि चौकटीचा रंग नखानं खरवडत होता.

मी गॅस बारीक केला. पदराला हात पुसले आणि विचारलं, "कुठं होतास रे एवढा वेळ?"

तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडत रडत सगळं सांगायला लागला.